उपचार संपेपर्यंत सोबत : नसीमआपास

आपा,

दुपारच्या नमाजानंतर तुला घेऊन गेले आणि घरात मागं आम्ही बायाच उरलो. आयशा तुझी ओढणी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात खाली हॉर्न वाजायला लागला. जालन्याच्या मस्तगडातल्या आपल्या त्या अरुंद गल्लीत जाफराबादची एक काळीपिवळी जीप शिरली होती आणि तिला ना पुढं जाता येत होतं, ना मागं. तिच्यातून बाया उतरायला लागल्या त्या उतरतच राहिल्या. नऊवारीतल्या, साडीतल्या, एक-दोघी बुरख्यातल्या. एवढ्या बाया एका जीपमध्ये कशा मावल्या हे तो ड्रायव्हरच जाणे. सगळ्यांच्या पुढं साळूबाई. धाप लागलेली, पायऱ्या चढून थेट आत.

आयशानं विचारलं, "कुठून आल्या तुम्ही?"

"जाफराबादकडून. आम्ही आपाच्या बाया."

तुझ्या लेकीला इतक्या मावश्या आहेत हे तिला त्या दुपारी कळलं, आपा. त्या आल्या, बसल्या, रडल्या. आणि मग साळूबाईनं त्या एसटीच्या कंडक्टरची गोष्ट काढली. तो फाट्यावर गाडी थांबवायला तयार नव्हता, तेव्हा तू बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बसच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "भाऊ, पुढं नेशील तर तुझ्या घरी येईन, तुझ्या बायकोला कोपरापर्यंत बांगड्या भरीन आन् पैसे तुझ्याकडून घेईन." साळूबाईनं तुझा आवाज इतका हुबेहूब काढला की आधी आयशा हसली, मग मी, मग सगळं घर. शेजारच्या खालाजान दारात येऊन बघून गेल्या, मय्यतीच्या घरात हे काय चाललंय म्हणून. आम्ही तोंडाला पदर लावला, पण हसू काही थांबेना. रडणंही थांबेना. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याबद्दल गंभीर चेहऱ्यानं लिहायचं ठरवलं तरी मला जमणार नाही.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी औरंगाबादच्या दवाखान्यात, रेडिएशनचा शेक द्यायच्या खोलीबाहेर, बाकावर बसून रडत होते. आत माझी अक्का होती. आष्टीची माझी थोरली बहीण. तिनं छातीतली गाठ इतके महिने लपवली होती की आम्हाला कळलं तेव्हा ती कातडीबाहेर यायला लागली होती. मी जालन्याच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, शरीराचा धडा शिकवते, आणि माझ्या घरात माझ्या बहिणीनं मला सांगितलं नव्हतं. तू शेजारी बसलीस. डोक्याला गुलाबी रुमाल बांधलेला, भुवया गेलेल्या, हातात मात्र मनगटभर काचेच्या बांगड्या.

"रडून राह्यली का?"

"न्हाई."

"रड की. पण खाऊन रड." आणि तू डबा उघडलास. खिचडी आणि खट्टा. दवाखान्याच्या त्या फिनेलच्या वासात चिंचेचा वास आला आणि मला इतकी भूक लागली की लाज वाटली.

मी विचारलं, "तुमच्यासोबत कोण आलंय?"

"मी आलीये ना," तू म्हणालीस.

तुझे मियाँ दुकान सांभाळत होते, आयशा दुसरीत होती, आणि तू जालन्याहून रोज पहाटेच्या गाडीनं एकटी यायचीस. शेक घ्यायचीस, डबा खायचीस, दुपारच्या गाडीनं परत जाऊन दुकानात बसायचीस. त्या बाकावर आपली ओळख झाली आणि दुसऱ्या आठवड्यात तू मला दम दिलास, "तुम्ही-आप डॉक्टरला म्हणत जा. मला तू म्हण."

त्याच बाकावर ती परतूरकडची तरुण बाई बसायची. आपण तिचं नावही नीट विचारलं नव्हतं. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तू आत जाऊन सिस्टरांना विचारून आलीस. सिस्टर म्हणाल्या, तिचा दीर आणायचा, त्याला काम लागलं, आता आणायला कोणी नाही. उपचार अर्ध्यावर. तू त्या दिवशी डबा उघडला नाहीस. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "औषध हाये, डॉक्टर हाये, सरकारी कार्ड हाये. आन् ही बाई सोबत न्हाई म्हणून घरी बसली. असं कसं चालंल, रेखा?"

मला तेव्हा अक्काशिवाय काही दिसत नव्हतं. पण तुझ्या डोक्यात तिथंच काम सुरू झालं होतं.

अक्का राहिली नाही. आष्टीला आमच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तू मस्तगडाहून एसटीनं आलीस, बायांच्या मागच्या रांगेत बसलीस. वंदना झाली, दोन-तीन जण बोलले, अक्का किती सोसणारी होती, कधी तक्रार केली नाही, असं. आणि तू उठलीस. कोणी बोलावलं नव्हतं.

"मी नसीम. जालन्याची. बांगड्यावाली," तू म्हणालीस. "हिच्या बहिणीला जे झाल्तं ते मला पण झालंय. छातीचा कॅन्सर. मी लवकर दाखवलं म्हणून उभी हाये. ती सोसत बसली, तक्रार केली न्हाई, म्हणून आज तिचा फोटो हाये. तुमच्यापैकी कोणाला गाठ लागत असंल तर तक्रार करा. बिलकुल करा. मोठ्यानं करा."

माझे मामा अस्वस्थ होऊन चपला शोधायला लागले. दोन-तीन माणसं त्यांच्या मागं बाहेर गेली. आणि माणसं बाहेर गेली तशा बाया पुढं सरकल्या! आपा, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पांढऱ्या साड्यांतल्या त्या सगळ्या जणी सरकत सरकत तुझ्याभोवती आल्या आणि तू जमिनीवर मांडी घालून, स्वतःच्या अंगावर, ब्लाउजच्या वरूनच, दाखवायला लागलीस. बोटांची पेरं कशी ठेवायची, गोल गोल कसं फिरवायचं, काखेपर्यंत कसं जायचं, काय दिसलं तर घाबरायचं नाही आणि काय दिसलं तर थांबायचं नाही. मी अक्काच्या फोटोकडं पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की तिच्या जाण्यानंतरही काहीतरी घडू शकतं.

परतताना फाट्यावर उभं राहून आपण मंडळ काढायचं ठरवलं. वकिलांनी नोंदणीसाठी उद्देश विचारला तेव्हा मी चांगली पानभर यादी करून नेली होती: महिला सक्षमीकरण, आरोग्य जागृती, व्यसनमुक्ती, वृक्षारोपणसुद्धा. तू ती वाचायला लावलीस आणि म्हणालीस, "झाडं लावणारे लई हायेत. आपण दोनच कामं करायची. गाठीचं बोलायचं. आन् गाठ निघाली तर बाईसंग जायचं, इलाज संपेपर्यंत." वकील म्हणाले, एवढंच? तू म्हणालीस, "एवढं तरी झालं पायजे ना."

मग सुरू झाली आपली फिरती. तू, मी, आणि तिसरी मंगल, जी आधी एका दवाखान्यात आया होती आणि जिला कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे तोंडपाठ होतं. कॅन्सरच्या भाषणाला बाया येत नव्हत्या. बांगड्या भरायला यायच्या. तू ओट्यावर टोपली उघडायचीस, एकीचा हात हातात घ्यायचीस, हाडं दाबून दाबून बांगडी सरकवायचीस, आणि दुखतंय म्हणून ती डोळे मिटायची तेव्हा हळूच विचारायचीस, "छातीत काही लागतं का गं कधी?" हात तुझ्या हातात अडकलेला. पळणार कुठं!

साळूबाई अशीच सापडली. जाफराबादच्या पुढं, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. तिनं मान खाली घालून सांगितलं, आधी ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. तू बांगड्या तशाच टाकून तिच्या घरी गेलीस. नवरा ओसरीवर बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. नुसता अडकलेला होता.

"नेतो की," तो म्हणाला. "कापूस वेचून झाला की नेतो. आता मजूर भेटून न्हाई राह्यले. ही गेली तर वावरात कोण?"

तू त्याच्यावर चिडशील असं मला वाटलं होतं. तू विचारलंस, "किती वावर राह्यलंय?"

त्यानं हातानं दाखवलं, त्या कडुलिंबापासून ते बांधापर्यंत.

तू परत ओट्यावर आलीस. ज्या बायांना बांगड्या भरल्या होत्या त्या अजून तिथंच होत्या. तू म्हणालीस, "बायांनो, साळूबाईचा कापूस आपण उद्या वेचायचा. सावड समजा. मंग तिच्या नवऱ्याकडं बहाणा राहणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघी पोचलो तेव्हा वावर बायांनी भरलं होतं, आपा! ज्यांच्या घरी स्वतःचा कापूस उभा होता त्यासुद्धा आल्या होत्या. कमरेला ओट्या बांधलेल्या, एकीच्या पुढं एक, आणि त्यांच्या मधे तू, मस्तगडची बाजारपेठेतली बाई, जिला कापूस फक्त गादीत माहीत होता. तुझी बोटं बोंडांच्या टोकांनी रक्ताळली. शेक घेतलेल्या बाजूचा तुझा हात दुखत होता तरी तू थांबली नाहीस. दुपारी सगळ्यांनी बांधावर भाकरी सोडली. ऊन कलायच्या आत वावर मोकळं झालं. साळूबाईचा नवरा गठ्ठे बांधत होता आणि तोंड फिरवून डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला साळूबाई आपल्यासोबत होती. नवराही होता. ऑपरेशन, सलाईनमधली औषधं, शेक, सगळं पार पडेपर्यंत तिच्यासोबत दर वेळी कोणी ना कोणी गेलं. केस परत आले तेव्हा तिनं त्यांना तेल लावून आपल्याला फोटो पाठवला होता. तू दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवलास.

तेव्हापासून आपलं नाव झालं. आणि नाव झालं म्हणून ते साहेब आले.

आता त्यांच्याबद्दल लिहिताना मी न्यायानं लिहीन. भला, मऊ बोलणारा माणूस होता. अंगाला लावायची क्रीमं बनवणाऱ्या एका कंपनीचं समाजकार्य बघायचा. दुकानावरच्या आपल्या खोलीत, बांगड्यांच्या खोक्यांमधे जागा करून बसला. मंडळाला गाडी देऊ म्हणाला. पांढरी, आत तपासणीचं यंत्र, बाहेर हसऱ्या बाईचं चित्र. ऑफिसला जागा देऊ. प्रत्येक तालुक्यात शिबिरं.

"पूर्ण जिल्हा कव्हर करू, मॅडम. मार्चपर्यंत टार्गेट पूर्ण."

मी तर हरखूनच गेले. गाडी! उन्हात फाट्यावर उभं राहणं संपणार होतं.

तू विचारलंस, "गाठ निघाली तर?"

"तर आम्ही चिठ्ठी देऊ. मोठ्या दवाखान्याची."

"आन् चिठ्ठी घेऊन तिच्यासंग कोण जाईल?"

"घरचे जातील ना."

तू हसलीस. "साहेब, घरचे जात असते तर मी गुमान बांगड्याच भरत बसले असते."

ते म्हणाले, उपचारांपर्यंत जाणं त्यांच्या योजनेत बसत नाही. आणि फलकावर 'छाती', 'कॅन्सर', 'गाठ' असे शब्द नकोत, लोक बिचकतात. 'स्त्री आरोग्य आणि सौंदर्य' असं ठेवू. येणाऱ्या प्रत्येक बाईला क्रीमची पिशवी. तू त्यांना चहा पाजलास, त्यांच्या बायकोसाठी बांगड्या बांधून दिल्यास आणि म्हणालीस, "तुमचं काम चांगलंय. करा. पण ते आमचं काम न्हाई."

त्यानंतर जाफराबादच्या एसटीत आपण जे भांडलो! मी म्हणत होते, गाडी घे, क्रीम त्यांना वाटू दे, आपण त्याच गाडीतून बाया दवाखान्यात नेऊ. तू म्हणत होतीस, "गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, टार्गेट त्यांचं. मंग बाई कोणाची?" मी म्हणाले, तू निदान विचारायचं तरी होतंस, अट घालून बघायची होती. तू म्हणालीस, ज्याला 'छाती' म्हणायला जड जातंय त्याला काय अट घालायची? आपला आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरचे आजोबा मागं वळून ऐकत बसले. त्यांचं गाव आलं, गेलं, तरी उतरले नाहीत. पुढच्या थांब्यावर उतरताना म्हणाले, "मला दोघींचं बी पटलं." तू त्यांच्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि आपण दोघी पोट धरून हसलो. पण वाद मिटला नाही. कंपनीनं ती गाडी आपल्याशिवायच सुरू केली आणि मंगल तिच्यावर कामाला गेली. तिला पगार हवा होता, घरात शिकणारी मुलं होती. मला वाटलं तू तिच्याशी बोलणार नाहीस. तू तिला दुकानात बोलावून हिरव्यागार बांगड्या भरल्यास आणि म्हणालीस, "जा. तिथं कोणाला गाठ निघाली तर मला फोन कर." आणि मंगलनं फोन केले. अजूनही करते. त्या पांढऱ्या गाडीतून चिठ्ठी घेऊन उतरलेल्या कितीतरी बाया मंगलच्या फोनमुळं आपल्यापर्यंत आल्या.

मागच्या वर्षी तुझी पाठ दुखायला लागली. दुकानात बसून बसून दुखतीये म्हणालीस. मी तुला नेलं. ह्या वेळी तुझ्यासोबत मी होते, एवढंच मला त्या दिवसात चांगलं वाटलं. डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं की परत आलंय, हाडांत आलंय. तू विचारलंस, किती फिरता येईल? ते म्हणाले, औषधं घेत राहिलात तर बरंच. परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं तू रडतीयेस. तू म्हणालीस, "जाफराबादच्या मेळाव्यात हे सांगायचं."

"बिलकुल न्हाई," मी म्हणाले. "बाया म्हणतील, आपाचंच परत आलं तर आपण कशाला जायचं? इतक्या वर्षांचं काम बसून जाईल."

"खोटं सांगून नेल्या तर मधूनच परत फिरतील, रेखा. मला सांगू दे."

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. मेळाव्याला मात्र आले. शाळेच्या पटांगणात मांडव, साळूबाई अध्यक्ष, माईक सारखा कुईं कुईं करणारा. तू काठी टेकत गेलीस. माईक बाजूला केलास.

"माझं परत आलंय," तू म्हणालीस.

बाहेर शेंगा भाजणाऱ्याचा झारा तेवढा ऐकू येत होता.

"परत येऊ शकतं, हे मी तुमच्यापासून लपवणार न्हाई. पण ऐका. पहिल्यांदा झालं तेव्हा माझी आयशा दुसरीत होती. मी तेव्हा घरी बसले असते तर तिला माझा चेहरा आठवला नसता. मी गेले, इलाज केला. तिची दहावी बघितली. तिच्या शादीत मेंदी लावून नाचले, ह्या रेखाला पण नाचवली, तिला बिलकुल जमत न्हाई. तिचं बाळ माझ्या मांडीवर मुतलं. हे सगळं मला इलाजानं दिलंय. फुकटचं न्हाई, हक्काचं. आता परत आलंय तर परत इलाज करून राह्यली. कोणाला माझ्यासंग यायचंय?"

माझी नजर जमिनीवर. आणि मग उजव्या बाजूला एक बाई उभी राहिली. तिला बोलता येईना. तिनं फक्त स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग मागं दुसरी उठली. मग एक सून उठली आणि तिनं शेजारी बसलेल्या सासूचा हात धरून तिलाही उठवलं, "आत्याबाई, सांगा ना, तुम्हाला लागतंय ना?" आपा, मी आयुष्यात टाळ्या वाजवाव्यात की रडावं अशा गोंधळात कधी पडले नव्हते. साळूबाईनं अध्यक्षपद सोडून मांडवभर धावायला सुरुवात केली. तू खुर्चीत बसून मला हातानं बोलावत होतीस, जल्दी ये, जल्दी ये, जणू लग्नाच्या पंगतीत वाढायचं राहिलंय. त्यातल्या बहुतेकींच्या गाठी साध्या निघाल्या. ज्यांच्या तशा निघाल्या नाहीत त्यांचे उपचार चालू आहेत, आणि एकही जण एकटी जात नाही.

शेवटच्या दिवसांत तू घरीच होतीस. मी शाळा सुटल्यावर यायचे. तू डोळे मिटून विचारायचीस, "मंठ्याला कोण जाणारे?" मी सांगायचे. "आन् भोकरदनला?" मी सांगायचे. एवढं आपण बोललो, पण मी तुला एकदाही विचारलं नाही की आपा, तुला भीती वाटते का? रोज विचारीन म्हणून यायचे आणि रोज दुसऱ्याच कोणाच्या तारखेबद्दल बोलून उठायचे. तुलाही बहुतेक तेच बरं वाटत होतं. की नव्हतं? हे आता कोणाला विचारू?

तू गेल्यावर काही दिवसांनी साहेब परत आले. दुःख व्यक्त करायला आले होते, मनापासून. आणि प्रस्ताव घेऊन. नवी गाडी, ह्या वेळी तुझ्या नावानं. दोन्ही बाजूंना तुझा फोटो. त्यांनी फोनवर चित्र दाखवलं, आपा. तू हसतीयेस आणि खाली मोठ्या अक्षरांत नसीमआपा. तुझे मियाँ बराच वेळ त्या चित्राकडं पाहत राहिले. जिल्ह्याच्या प्रत्येक रस्त्यावर तू फिरणार होतीस.

मी सगळ्यांना बोलावलं. आयशा, साळूबाई, इलाज पूर्ण केलेल्या बाकीच्या. मंगलसुद्धा आली. मी म्हणाले, तुमच्या मनात काय आहे ते बोला. साळूबाई चित्राकडं बघत म्हणाली, "गाडी येऊन जाती ताई. बाई मागं राहती." मग आयशा बोलली. ती एरवी बोलत नाही, तुला माहीतच आहे. "अम्मीचं नाव लावा, न्हाई तर नका लावू. पण त्या गाडीतून कोणी चिठ्ठी घेऊन एकटी उतरली तर वरचा फोटो काढून टाका."

मग मी जे तुला त्या एसटीत करायला सांगत होते ते केलं. साहेबांपुढं अट ठेवली. गाडी घेऊ. क्रीम नको. फलकावर 'छातीचा कॅन्सर' असंच लिहायचं. आणि ज्या बाईला गाठ निघेल तिला हीच गाडी इलाज संपेपर्यंत नेईल, सोबत आपलं माणूस असेल. साहेब म्हणाले, त्यांना स्वतःला पटतंय, वर विचारून सांगतो. मला खरंच वाटलं होतं की हो म्हणतील. आठवड्यानं फोन आला. वरून नाही म्हणाले. ते बिचारे फोनवर माझी माफी मागत होते.

तर आपा, गाडी नाही. निकाल तुझ्या बाजूनं लागला. पण विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. कोणी सांगावं, पुढच्या साहेबाचं वरचं माणूस हो म्हणेल. तोपर्यंत एसटी आहे, काळीपिवळी आहे, आणि फाट्यावरचं ऊन आहे. आपल्या दोन कामांच्या बाहेर मंडळ एक पाऊलही गेलेलं नाही.

आणि आज सकाळचं सांगते. मंठ्याकडच्या एका गावातल्या बाईची उद्या केमोची पहिली सलाईन आहे. मी रजा टाकली होती, पिशवी भरून ठेवली होती. चहा टाकत होते तर फोन. त्याच गावातली वैशाली. आठवडी बाजारात भाजी विकते. मागच्या महिन्यात तिच्या गावात आपल्या बायांनी बैठक घेतली तेव्हा ती मागं उभी राहून ऐकत होती. मी तिला जेमतेम ओळखते.

"ताई, तुम्ही उद्या नका येऊ," ती म्हणाली. "मी जाऊन राह्यली तिच्यासंग. कार्ड घेतलंय, रिपोर्ट घेतलेत, मंगलताईनं खिडकी सांगितलीये. उद्या मीच जाणार आन् संपेपर्यंत बी मीच जाणार. आमच्या गावची बाई हाये ती."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवरा साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला. चहा उतू गेला. मी त्याला सांगत होते, सांगत होते, आणि त्याला काही कळत नव्हतं, कारण मी रडतही होते.

आपा, ह्या वैशालीनं तुला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.